अक्षरी रुपये आणि एक छोटं पॅकेज : पायथन प्रोजेक्टमध्ये डिपेंडन्सी नीट कशी घ्यावी

आमच्या सोसायटीच्या पावत्या छापायचा प्रोग्राम मी पायथनमध्ये लिहिला, तेव्हा सगळ्यात जास्त वेळ एका ओळीने खाल्ला. पावतीच्या तळाशी रक्कम अक्षरी लिहितात ती ओळ. मोठ्या दुरुस्तीच्या वर्गणीची पहिली पावती छापून मी खजिनदार काकांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून वाचली आणि विचारलं, "अरे, यात लाख कुठे आहे?" रक्कम होती १,२५,००० रुपये आणि खाली इंग्रजीत छापलं होतं 'वन हंड्रेड अँड ट्वेंटी-फाइव्ह थाउजंड'. रक्कम चूक नव्हती, पण आपल्याकडे असं कोणी लिहीत नाही.

आकड्याचे शब्द करायला मी 'नम-टू-वर्ड्‌स' नावाचं छोटं पॅकेज घेतलं होतं. लाख-कोटीची सोय त्यात होती, मी माहिती वाचली नव्हती एवढंच. पण या एका पॅकेजने मला डिपेंडन्सीबद्दल जेवढं शिकवलं तेवढं मोठमोठ्या फ्रेमवर्क्सनी शिकवलं नाही. म्हणून तेच उदाहरण घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगतो. पायथनची थोडी ओळख असेल आणि टर्मिनल उघडता येत असेल, तर पुढचं सगळं जमेल. कमांड्स मी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या अर्थात रोमन अक्षरांत करायच्या.

आधी ठरवा : हे पॅकेज हवंच आहे का?

डिपेंडन्सी म्हणजे दुसऱ्या कोणीतरी लिहिलेला कोड, जो आता तुमच्या प्रोग्रामसोबत तुमच्याच अधिकारात चालणार. तुमच्या फाइल्स तो वाचू शकतो, इंटरनेटवर जाऊ शकतो. घरात भाडेकरू ठेवताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो, तेवढी चौकशी इथेही करायला हवी.

इंग्रजी आकड्यांचे शब्द करणं तसं अवघड नाही. वीसपर्यंतचे शब्द, दहाच्या पटीतले शब्द आणि शंभर, हजार, लाख, कोटी एवढ्यावर काम भागतं. तरी मी पॅकेज घेतलं, कारण शून्य, ऋण रक्कम, 'अँड' कुठे यायचा आणि कुठे नाही, असल्या कडेकडेच्या गोष्टी त्यात आधीच तपासलेल्या आहेत.

मराठीत अक्षरी रक्कम हवी असती, तर मात्र मी पॅकेज शोधत बसलो नसतो. मराठीत नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याला स्वतंत्र शब्द आहे. पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न यांत पाचाचं रूप दर वेळी वेगळं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' अशी वाचनाची पद्धत आली आणि केवढा वाद झाला, ते आठवत असेल. प्रोग्रामला त्या वादाशी देणंघेणं नाही. त्याला शंभर शब्दांची एक यादी पुरते, ती एका बैठकीत टाइप होते, आणि शुद्धलेखन आपल्या हातात राहतं. एवढ्यासाठी बाहेरचा कोड घरात घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

पॅकेजची चौकशी

पायथनची पॅकेजेस 'पायपीआय' या सार्वजनिक भांडारात असतात. तिथे पॅकेजचं पान उघडा आणि आधी नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आपल्या पॅकेजच्या नावात मधला 'टू' हा शब्द नाही, आकडा आहे, आणि मी इथे लिहिलेल्या जोडरेघाही त्यात नाहीत. नावातल्या अशा निसटत्या जागांवरच लबाड लोक सापळे लावतात. एखादं अक्षर इकडेतिकडे केलेलं नाव घेऊन घातक कोड चढवायचा आणि कोणीतरी चुकून टाइप करण्याची वाट पाहायची. नाव आठवणीतून टाइप करू नका, पानावरून कॉपी करा.

दुसरी अडचण म्हणजे इन्स्टॉल करायचं नाव आणि कोडमध्ये इम्पोर्ट करायचं नाव एकच असेल असं नाही. 'पिलो' इन्स्टॉल करायचं आणि 'पीआयएल' इम्पोर्ट करायचं. 'सायकिट-लर्न' इन्स्टॉल करायचं आणि 'एसकेलर्न' इम्पोर्ट करायचं. आपल्या पॅकेजात सुदैवाने दोन्ही नावं सारखी आहेत.

मग त्याच पानावरून रिपॉझिटरीवर, म्हणजे पॅकेजचा मूळ कोड जिथे ठेवलेला असतो तिथे, जा. शेवटचं व्हर्जन कधी आलं, लोकांनी नोंदवलेल्या तक्रारींना उत्तरं मिळतात का, टेस्ट्स, म्हणजे उत्तरं बरोबर येतात का ते तपासणारा कोड, लिहिलेल्या आहेत का, ते बघा. टेस्ट्स मी आवर्जून उघडतो. 'लाख' हा शब्द तिथे शोधला असता तर काकांचा प्रश्न आलाच नसता. भारतीय इंग्रजीसाठी वेगळी फाइल आहे आणि तिच्या टेस्ट्समध्ये 'लाख' असलेली उत्तरं सरळ दिसतात.

परवानाही वाचा. हे पॅकेज एलजीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे. स्वतःच्या कामासाठी वापरताना अडचण नाही. पण पॅकेज आत बांधून तयार सॉफ्टवेअर दुसऱ्याला देणार असाल, तर त्या परवान्याच्या अटी आधी समजून घ्या.

प्रोजेक्टला स्वतंत्र खोली द्या

नवीन मंडळी इथेच चुकतात. पॅकेजेस बसवणाऱ्या 'पिप' या पायथनच्या साधनाने सरळ 'पिप इन्स्टॉल' करतात आणि पॅकेज कॉम्प्युटरभरच्या पायथनमध्ये जाऊन बसतं. उद्या दुसऱ्या प्रोजेक्टला त्याच पॅकेजचं जुनं व्हर्जन लागलं की भांडण सुरू. त्यावर उपाय म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. ते प्रोजेक्टच्या फोल्डरातलं एक फोल्डर असतं आणि त्यात त्या प्रोजेक्टपुरती पॅकेजेस राहतात. ही सोय पायथन ३.३ पासून भाषेसोबतच येते.

प्रोजेक्टच्या फोल्डरात जाऊन ही कमांड द्या :

पायथन -एम व्हेन्व .व्हेन्व

उबुंटू किंवा डेबियनवर 'पायथन'च्या जागी 'पायथन३' लिहावं लागतं, आणि 'पायथन३-व्हेन्व' हे सिस्टिमचं पॅकेज आधी घ्यावं लागू शकतं. त्यांच्या नव्या आवृत्त्यांवर एन्व्हायर्नमेंट न करता पिप चालवलंत, तर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' अशी एरर येते. ती एरर तुमच्या भल्याची आहे. सिस्टिमच्या पायथनवर ऑपरेटिंग सिस्टिमचीही कामं चालतात, त्यात हात घालू नका असं ती सांगते. तिला जबरदस्तीने बगल द्यायचा पर्याय एररमध्येच लिहिलेला असतो, तो वापरू नका.

आता एन्व्हायर्नमेंट चालू करा. लिनक्स आणि मॅकवर 'सोर्स .व्हेन्व/बिन/अ‍ॅक्टिव्हेट', विंडोजवर '.व्हेन्व\स्क्रिप्ट्स\अ‍ॅक्टिव्हेट'. टर्मिनलच्या ओळीच्या सुरुवातीला कंसात एन्व्हायर्नमेंटचं नाव दिसू लागलं की काम झालं. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये स्क्रिप्ट चालवायला मनाई असल्याचा लाल मजकूर आला तर घाबरू नका. साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये तीच ओळ चालते.

व्हीएस कोड वापरत असाल तर 'सिलेक्ट इंटरप्रिटर'मध्ये जाऊन हेच एन्व्हायर्नमेंट निवडा. नाहीतर टर्मिनलमध्ये प्रोग्राम चालतो आणि एडिटर मात्र पॅकेज सापडत नाही म्हणून खाली लाल रेघ मारत राहतो.

इन्स्टॉल करा, आणि पडद्यावर काय येतं ते वाचा

पायथन -एम पिप इन्स्टॉल नम-टू-वर्ड्‌स==०.५.१४

नुसतं 'पिप' न लिहिता 'पायथन -एम पिप' लिहायची सवय लावा. एका मशीनवर दोन-तीन पायथन असले, तर नुसतं पिप कोणत्या पायथनचं आहे ते कळत नाही. असं लिहिलं की जे पायथन समोर आहे, त्यातच पॅकेज जातं.

शेवटची ओळ 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' अशी येईल आणि तिच्यात दोन नावं असतील. आपलं पॅकेज, आणि सोबत 'डॉकऑप्ट ०.६.२'. तुम्ही एकालाच बोलावलं होतं, दुसरं त्याच्यासोबत आलं. या पॅकेजला कमांड लाइनवरून वापरायची सोय आहे आणि त्या सोयीसाठी त्याला डॉकऑप्ट लागतं. तुमच्या पावतीला त्याचा काही उपयोग नाही, तरी ते येतंच. या डॉकऑप्टचं शेवटचं व्हर्जन २०१४ सालचं आहे. त्यात वाईट काही नाही, काम पूर्ण झालेला छोटा कोड वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो. पण आपल्या घरात कोण कोण राहतंय, हे ठाऊक असायला हवं. 'पायथन -एम पिप लिस्ट' दिलं की पूर्ण हजेरी दिसते.

आधी हातात घेऊन बघा

प्रोजेक्टच्या कोडला हात लावायच्या आधी नुसतं 'पायथन' टाइप करून पायथनचा संवादी पडदा उघडा आणि पॅकेज इम्पोर्ट करा. आकडा तेवढा दिला की तेच जुनं उत्तर, 'वन हंड्रेड अँड ट्वेंटी-फाइव्ह थाउजंड'. आता आकड्याच्या जोडीला 'लँग' या नावाने 'ईएन अंडरस्कोर आयएन' ही किंमत द्या, शेवटची दोन अक्षरं मोठी. उत्तर येतं, 'वन लाख, ट्वेंटी-फाइव्ह थाउजंड'. काकांचा लाख सापडला.

आणखी दोन-तीन आकडे घालून बघा. एक कोटी द्या, शून्य द्या, मग २४५०.५० द्या. शेवटच्याचं उत्तर येईल 'टू थाउजंड, फोर हंड्रेड अँड फिफ्टी पॉइंट फाइव्ह'. पॉइंट फाइव्ह हे पावतीवर चालणार नाही, तिथे पन्नास पैसे हवेत. म्हणजे पॅकेज आपलं काम करतं, पण पावतीचं पूर्ण काम करत नाही. उरलेलं आपल्याला करायचं आहे. दहा मिनिटांच्या या चाचणीने पुढचे दोन दिवस वाचतात.

इथे एक सावधगिरी. चाचणीसाठी स्वतःची फाइल बनवलीत, तर तिला पॅकेजचंच नाव देऊ नका. पायथन आधी तुमच्या फोल्डरात शोधतं. तिथे त्या नावाची फाइल सापडली की तुमची फाइल स्वतःलाच इम्पोर्ट करायला जाते आणि 'पार्शली इनिशलाइज्ड मॉड्यूल' अशी एरर येते. या एररपायी मी एक पूर्ण दुपार घालवली आहे. पॅकेज पुन्हापुन्हा काढून घालत होतो, आणि दोष माझ्या फाइलच्या नावात होता.

पॅकेजला एकाच दारातून आत घ्या

आता खरा कोड. जिथे जिथे अक्षरी रक्कम लागेल तिथे तिथे पॅकेज इम्पोर्ट करत सुटू नका. 'अक्षरी' नावाची एक फाइल करा, तिच्यात एक फंक्शन, आणि पॅकेजचं नाव फक्त त्या एका फाइलमध्ये. पावती, थकबाकीची नोटीस, वार्षिक ताळेबंद हे सगळे तुमच्या फंक्शनला हाक मारतील.

माझं फंक्शन रुपये दशांशात घेत नाही, पूर्ण पैशांत घेतं. २,४५० रुपये ५० पैसे म्हणजे २४५०५०. पैशाचा हिशेब दशांश अपूर्णांकात ठेवला की कॉम्प्युटर कुठेतरी बारीकशी घसरण करतो, आणि ताळेबंदात एका पैशाचा फरक शोधत बसणं काय असतं ते लेखनिकाला विचारा. फंक्शन आत आल्या आल्या १०० ने भागतं, भागाकार रुपये आणि बाकी पैसे. दोन्ही वेगवेगळे पॅकेजकडे पाठवतं, आलेल्या उत्तरातले स्वल्पविराम काढतं, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करतं, सुरुवातीला 'रुपीज' आणि शेवटी 'ओन्ली' जोडतं. पैसे शून्य असतील तर पैशांचा उल्लेखच करत नाही. रक्कम ऋण आली तर सरळ एरर देतं, कारण ऋण रकमेची पावती असूच शकत नाही.

सगळं मिळून पंधरा ओळींच्या आत होतं. उद्या हे पॅकेज बदलायचं ठरलं, किंवा पावती मराठीत करायची ठरली, तर तुम्हाला एवढ्याच ओळी बदलाव्या लागतील.

त्याच वेळी शेजारी टेस्टची फाइल करा. मी पाच रकमा ठेवल्या आहेत : शून्य, ९९,९९९, बरोबर एक लाख, एक कोटी आणि पन्नास पैसे असलेली एक. या टेस्ट्स पॅकेज लिहिणाऱ्याला तपासण्यासाठी नाहीत. तुम्ही ज्या वागण्यावर विसंबून आहात ते उद्या बदललं, तर छापील पावतीच्या आधी तुम्हाला कळावं म्हणून आहेत.

व्हर्जन लिहून ठेवा, आणि ते नेमकं लिहा

प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर छान चालत होता. सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर नेला आणि पहिल्याच ओळीला 'मॉड्यूल नॉट फाउंड'. फाइल्स नेल्या होत्या, पण कोणती पॅकेजेस लागतात हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्यासाठी 'रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी' ही साधी फाइल असते. दर ओळीत एक पॅकेज आणि त्याचं व्हर्जन. आपल्या फाइलमध्ये दोन ओळी येतील, नम-टू-वर्ड्‌स==०.५.१४ आणि डॉकऑप्ट==०.६.२. 'पायथन -एम पिप फ्रीझ' दिलं की या ओळी तयार मिळतात. ही फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवायची. .व्हेन्व फोल्डर मात्र गिटमध्ये कधीच ठेवायचं नाही, गिटने काय वगळायचं ते ज्या .गिटइग्नोर फाइलमध्ये लिहितात, तिच्यात त्याचं नाव घाला. ते फोल्डर त्या मशीनपुरतं असतं, उचलून दुसरीकडे नेलं तर चालत नाही.

व्हर्जनच्या आकड्याच्या आधी काय चिन्ह लिहायचं, हा या सगळ्या लेखातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. दोन बरोबरची चिन्हं म्हणजे नेमकं हेच व्हर्जन. 'मोठं किंवा बरोबर' लिहिलं तर यापुढचं काहीही चालेल. आणि ~= लिहून ०.५.१४ दिलं, तर ०.५ च्या घरातलं कोणतंही नवं व्हर्जन चालेल. शेवटचा आकडा बदलला तर फक्त दुरुस्ती झालेली असते, असा व्हर्जन क्रमांकांचा संकेत आहे, म्हणून पुष्कळ लोक हा तिसरा मार्ग सुरक्षित मानतात. मीही मानत होतो.

जुलै २०२५ च्या अखेरीस याच पॅकेजच्या बाबतीत काय घडलं ते पाहा. पायपीआयवर पॅकेज सांभाळणाऱ्यांना ईमेल पडताळणीच्या नावाने बनावट मेल गेले. त्यातल्या लिंकवरच्या पत्त्यात 'पीवायपीआय'च्या जागी 'पीवायपीजे' होतं. एका अक्षराचा फरक. जाळ्यात सापडलेल्या एका खात्यावरून नम-टू-वर्ड्‌सची ०.५.१५ आणि ०.५.१६ ही दोन घातक व्हर्जन्स चढवली गेली. ती थोड्याच वेळात काढून टाकली गेली. पण त्या मधल्या वेळात ज्यांनी ~= लिहून नव्याने इन्स्टॉल केलं असेल, त्यांच्या मशीनवर ती येऊ शकत होती. == लिहिणाऱ्यांकडे ०.५.१४ च राहिलं. आकड्यांचे शब्द करणाऱ्या एवढ्याशा पॅकेजवर कोणी नजर ठेवेल, असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

त्या दोन व्हर्जन्सची एक खूणही होती. पायपीआयवर नवीन व्हर्जन दिसत होतं आणि मूळ रिपॉझिटरीत मात्र त्या क्रमांकाचा टॅग, म्हणजे त्या व्हर्जनची नोंद, नव्हता. नवीन व्हर्जन घेण्यापूर्वी हे ताडून बघायला अर्धं मिनिट लागतं.

याहून पक्कं कुलूप हवं असेल तर हॅश वापरा. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा. 'पिप-टूल्स' हे साधन घेतलं, तर तुम्हाला थेट लागणारी पॅकेजेस एका फाइलमध्ये लिहायची आणि 'पिप-कम्पाइल'ला 'जनरेट-हॅशेस' सांगायचं. ते सोबत येणाऱ्या सगळ्यांसकट, हॅशसकट यादी करून देतं. मग इन्स्टॉल करताना फाइलमधला एक बाइट जरी वेगळा असला तरी पिप नकार देतं. पगार, वर्गणी, देणगी असं काहीही पैशाचं काम असेल, तर एवढे कष्ट घ्याच.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर, आणि नेट नसेल तर

दुसऱ्या मशीनवर क्रम तोच : फोल्डर आणा, एन्व्हायर्नमेंट करा, चालू करा, आणि

पायथन -एम पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

मग टेस्ट्स चालवा. पाचही हिरव्या आल्या की झालं.

सोसायटीच्या ऑफिसात मात्र इंटरनेट नव्हतं. मी 'पिप डाउनलोड'ने दोन्ही पॅकेजेस पेन ड्राइव्हवर घेतली आणि तिथे अडकलो. कारण डॉकऑप्ट पायपीआयवर तयार बांधलेल्या रूपात नाही, फक्त मूळ कोडच्या गठ्ठ्याच्या रूपात आहे. तो गठ्ठा बांधायला पिपला आणखी साधनं लागतात, ती आणायला ते इंटरनेटकडे धावतं, आणि नेट नसल्यामुळे तिथेच थांबतं.

त्यावर उपाय असा. नेट असलेल्या मशीनवर 'पायथन -एम पिप व्हील -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी -डब्ल्यू पेटी' असं द्या. 'पेटी' नावाच्या फोल्डरात सगळी पॅकेजेस 'व्हील' म्हणजे तयार रूपात जमा होतील. ते फोल्डर नेऊन तिकडे पिप इन्स्टॉलला 'नो-इंडेक्स' आणि 'फाइंड-लिंक्स पेटी' हे दोन पर्याय द्या. आपली दोन्ही पॅकेजेस शुद्ध पायथनमधली असल्यामुळे लिनक्सवर बांधलेली पेटी विंडोजवरही चालते. सगळ्या पॅकेजेसच्या बाबतीत असं नसतं. आणि इथे हॅशवाली यादी वापरू नका. डॉकऑप्टचं व्हील तुम्ही स्वतः बांधलेलं असतं, त्याचा अंगठा पायपीआयवरच्या फाइलशी जुळणार नाही.

अपडेट आणि निरोप

तिमाहीची बिलं निघून गेली की मी एकदा 'पायथन -एम पिप लिस्ट' ला 'आउटडेटेड' हा पर्याय देऊन बघतो. 'पिप-ऑडिट'ही चालवतो, ते यादीतल्या कोणत्या व्हर्जनमध्ये सुरक्षेचा ज्ञात दोष आहे ते सांगतं. सुरक्षेचा दोष असेल तर लगेच बदलतो. नाहीतर नव्या व्हर्जनला दोन-तीन आठवडे जाऊ देतो, बदलांची नोंद वाचतो, एका वेळी एकच पॅकेज बदलतो, टेस्ट्स चालवतो आणि एक जुनी पावती पुन्हा छापून शेजारी ठेवून बघतो. बिलांच्या आठवड्यात अपडेट करत नाही.

आणि कधी हे पॅकेज काढायचं झालं, तर 'पिप अनइन्स्टॉल' फक्त त्यालाच काढतं. डॉकऑप्ट तिथेच राहतं, कारण ते कोणासोबत आलं होतं याचा विचार पिप काढताना करत नाही. म्हणून मी अनइन्स्टॉल करत बसत नाही. यादीतल्या दोन्ही ओळी पुसतो, .व्हेन्व फोल्डर पूर्ण उडवतो, नवीन करतो आणि यादीवरून पुन्हा इन्स्टॉल करतो. मग पिप लिस्ट देऊन हजेरी घेतो आणि पाचही टेस्ट्स चालवतो.